गुणपत्रिकेपलीकडचे मूल

दहावीचा निकाल लागला की आम्ही गुणगौरव समारंभ घेतो. जास्त गुणांची मुले व्यासपीठावर येतात. चाळीस टक्क्यांचे मूल मात्र घरीच बसते. त्याचे काय?

बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. अडतीस टक्केसुद्धा नाहीत. तरीही समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची ओढ कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आधीच हेरली होती. सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळण्यासही त्यांचीच मदत झाली.

विद्येबरोबर प्रज्ञा, शील, करुणा आणि मैत्री हवी, ही बाबासाहेबांची शिकवण. गुणपत्रिकेत यांतले किती मावते?

पालकांनो, 'किती गुण?' एवढ्यावर थांबू नका. काय वाचलेस, कोणाच्या उपयोगी पडलास, हेही विचारा. विद्यार्थी मित्रांनो, अभ्यास सोडू नका. पण टक्के घसरले म्हणून स्वतःला कमी लेखू नका. पुढच्या समारंभात त्या घरी बसलेल्या मुलालाही आम्ही बोलावू आणि त्याच्या हाती एक पुस्तक देऊ.