दिल्लीत वजन उचलायला शिकायचं, तर खर्च किती?

दिल्ली, गुडगाव किंवा नोएडातल्या जिममध्ये बाई चौकशीला गेली की तिला बहुधा आधी ट्रेडमिल दाखवतात, मग सायकल, मग झुंबाचा वर्ग. स्क्वॉट रॅक, बेंच आणि डंबेलचा स्टँड हा सगळा भाग 'उधर वेट सेक्शन है' एवढ्या एका वाक्यात आटोपतो. फी मात्र पुरुषाएवढीच असते. म्हणजे पैसे अख्ख्या जागेचे आणि वापर निम्म्या जागेचा. ग्राहक म्हणून हा सरळ तोटा आहे. तो भरून काढायला फार काही लागत नाही. सुरुवातीचे तीन महिने, चार-पाच व्यायामप्रकार नीट शिकवणारा माणूस आणि योग्य ठिकाणी घातलेले पैसे एवढं पुरतं.

'वेट ट्रेनिंग आपल्यासाठी नाही' असं वाटणाऱ्या बाईने शेजारच्या हरियाणाकडे पाहावं. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं 2000 साली, सिडनीला. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरी यांनी 69 किलो गटात दोन उचलींत मिळून 240 किलो पेललं आणि कांस्यपदक आणलं. भारतीय महिलेचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. मूळच्या आंध्रच्या मल्लेश्वरी लग्नानंतर यमुनानगरला स्थायिक झाल्या आणि 2021 मध्ये दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. आपल्या मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुड हिने 2022 मध्ये ग्रीसमधल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत 45 किलो गटात सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिने एका उचलीत 70 आणि दुसऱ्या उचलीत 83 किलो डोक्यावर नेलं होतं. तुम्हाला पहिल्या दिवशी उचलायचे असतात आठ-दहा किलो, आणि तेही छातीपाशी धरून.

फी : कोणत्या जिममध्ये किती

पुढचे आकडे साधारण आहेत. वस्ती, मजला, एसी आणि मोसम यांनुसार ते वरखाली होतात.

लक्ष्मीनगर, करोल बाग, मुनिरका, द्वारका किंवा गाझियाबादच्या वस्त्यांमधल्या एका मजल्याच्या जिमची महिन्याची फी 1000 ते 2500 रुपये असते, शिवाय एकदाच भरायची 500 ते 1000 रुपये प्रवेश फी. ही प्रवेश फी घासाघीस केली की बऱ्याचदा सुटते. मोठ्या साखळीतल्या जिमचं वर्षाचं पॅकेज 15 हजारांपासून 40 हजारांपर्यंत जातं आणि गुडगावच्या उंच सोसायट्यांजवळ त्याहूनही वर. फक्त महिलांसाठीच्या जिमची फी साधारण मधली असते. पण तिथे पैसे भरण्याआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, ती म्हणजे लोखंडी बार आणि प्लेट आहेत का. बऱ्याच ठिकाणी दोन, तीन, पाच किलोचे रंगीत डंबेल असतात आणि तिथेच गाडी थांबते. दोन महिन्यांत तुम्हाला त्याहून जड लागणार आहे.

दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे डीडीएच्या, क्रीडासंकुलांमध्येही जिम आहेत. सिरी फोर्ट, साकेत, द्वारका, रोहिणी यांपैकी घराजवळ जे असेल तिथे आधी चौकशी करा. खासगी जिमच्या तुलनेत दर परवडतात, जागा मोकळी असते आणि विक्री करणारा माणूस मागे लागत नाही. उद्यानांतल्या ओपन जिमला पैसे लागत नाहीत, पण तिथली यंत्रं बहुतेक आपल्याच शरीराच्या वजनावर चालतात. भार वाढवत नेता येत नाही, आणि ताकद वाढते ती भार वाढवल्यानेच. अंग मोकळं करायला ती चांगली आहेत, ताकद वाढवायला नाहीत.

कर किती लावला तेही पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. 20 हजारांच्या पॅकेजवर हा फरक 2600 रुपयांचा होतो. पावतीवर जिमचा जीएसटी क्रमांक नसेल, तर कर म्हणून एक रुपयाही मागता येत नाही.

जिम घराजवळच घ्या, किंवा मेट्रोच्या एका टप्प्यात. मेट्रोचं तिकीट दोन किलोमीटरपर्यंत 11 रुपये आणि पाच किलोमीटरपर्यंत 21 रुपये आहे. आठवड्यातून तीनदा जायचं तर पाच किलोमीटरवरच्या जिमला महिन्याला पाचशे रुपये फक्त येण्या-जाण्याचे होतात. स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट असते आणि सकाळी आठच्या आत प्रवास केला तर आणखी दहा टक्के.

खरा खर्च शिकण्यावर करा

माझं स्पष्ट मत असं की हातात पैसे मोजकेच असतील, तर ते साध्या जिमवर आणि चांगल्या शिक्षकावर खर्च करावेत, चकचकीत जिमवर नव्हे. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, ओव्हरहेड प्रेस आणि पाठीसाठी रो हे पाच प्रकार एकदा अंगात बसले की जगातल्या कुठल्याही जिममध्ये तुम्ही कुणाला न विचारता काम करू शकता. आत्मविश्वास म्हणतात तो यातूनच येतो. आपण काय करतोय हे ठाऊक असलेल्या बाईला खोलीत किती पुरुष आहेत याची फिकीर राहत नाही.

पर्सनल ट्रेनिंग, ज्याला सगळे पीटी म्हणतात, वस्तीतल्या जिममध्ये 12 सत्रांना 5 ते 8 हजारांत मिळतं. मोठ्या जिममध्ये एकेका सत्राचेच हजार-दीड हजार होतात. 36 किंवा 72 सत्रांचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. नको म्हणा. 12 घ्या, आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरला सांगा, "सर, मुझे फॉर्म सीखना है, ताकि बाद में खुद कर सकूँ." या वाक्यावर ज्याचा चेहरा खुलतो तो शिक्षक. जो वजन कमी करण्याच्या गोळ्यांवर किंवा फॅट बर्नरवर घसरतो, तो सोडा.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला डॉक्टर-वकिलासारखा सक्तीचा परवाना लागत नाही, त्यामुळे शिक्षण विचारण्यात संकोच करू नका. शारीरिक शिक्षणाची पदवी आहे का, असेल तर कुठली? दिल्ली विद्यापीठाची इंदिरा गांधी शारीरिक शिक्षण संस्था विकासपुरीत आहे, तिथून शिकलेले ट्रेनर दिल्लीत भेटतात. महिला ट्रेनर हवी असेल तर ती तुमच्या वेळेत खरोखर असते का हे विचारा, फलकावर नाव असणं पुरेसं नाही. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने 2024 च्या अखेरीस जिममध्ये महिला ट्रेनर असाव्यात असा प्रस्ताव मांडला होता, आणि त्यावर नोएडा-गाझियाबादकडे बरीच चर्चा झाली. मला वाटतं, महिला ट्रेनरची सोय सगळीकडे हवी, पण निवड बाईची असावी. चांगला शिकवणारा पुरुष असेल आणि हात लावण्याआधी तो विचारत असेल, तर त्याच्याकडून जरूर शिकावं.

पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब असा. साध्या जिमची फी 4500, प्रवेश फी 500, पीटीची 12 सत्रं 7000, बूट 1000, मेट्रो 1500. एकूण साडेचौदा हजार. चौथ्या महिन्यापासून खर्च फी आणि प्रवासापुरता, म्हणजे दोन हजारांवर येतो. जिममध्ये मन रमतंय असं दिसलं, तर वर्षाचं पॅकेज तेव्हा घ्या. जानेवारीतल्या सवलतीला भुलून आधी घेऊ नका, कारण तसल्या सवलती होळीला येतात, दिवाळीला येतात, महिनाअखेरीसही येतात.

बुटांवर हजाराच्या वर घालवू नका. जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट स्क्वॉटला वाईटच, कारण पाय डगमगतो. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट उत्तम. पट्टा आणि हातमोजे पहिल्या सहा महिन्यांत लागत नाहीत. एक वही मात्र लागते. त्या दिवशी कोणता व्यायाम, किती किलो, किती सेट, किती रेप (आवर्तनं) हे लिहायचं. मागच्या आठवड्यापेक्षा एक रेप जास्त किंवा अडीच किलो जास्त झाले, की प्रगती कुणाला विचारावी लागत नाही.

ओल्ड राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगरला यूपीएससीसाठी राहणाऱ्या आपल्या मुलींना साडेचौदा हजार जड वाटतील. त्यांनी 20 किलोचा प्लेट बदलता येणारा डंबेल संच घ्यावा. तो दोन ते साडेतीन हजारांत मिळतो आणि पीजीच्या खोलीत पलंगाखाली राहतो. शिवाय 500 रुपयांचा रबरी बँड. चार-पाच महिने त्यावर नक्की निघतात, आणि दोघी-तिघींनी मिळून घेतला तर माणशी खर्च हजाराच्या आसपास येतो.

रॅकपाशी गेल्यावर

जिममधला मोठा बार बहुतेक ठिकाणी 20 किलोचा असतो. महिलांचा बार 15 किलोचा आणि थोडा बारीक असतो, मुठीत नीट बसतो. तो आहे का हे चौकशीच्या वेळीच विचारा. नसेल तर सुरुवात डंबेलने करा, कमीपणा काही नाही. रॅकवर कुणी असेल तर "भैया, कितने सेट बाकी हैं?" किंवा "बीच में लगा लूँ?" एवढं विचारलं की पुरतं. सगळेच असं विचारतात, पुरुषही. आपलं झालं की प्लेट जागेवर ठेवायच्या आणि बेंच पुसायचं. हे पाळणाऱ्या बाईला आठवड्याभरात नियमित येणारे लोक ओळखू लागतात आणि जड सेटला मागे उभे राहायलाही येतात.

अंग पुरुषी होईल ही भीती मनातून काढून टाका. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन फारच कमी असतं. तसे स्नायू यायला वर्षानुवर्षांची मेहनत आणि खास आहार लागतो, चुकून ते होत नाही. हाडांची ताकद ही मात्र खरी गरज आहे, विशेषतः पाळी थांबण्याच्या वयात. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडं कमकुवत झालेल्या 101 महिलांवर केलेल्या एका अभ्यासात आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत कंबरेच्या मणक्याची घनता सुधारली. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. म्हणून आईला किंवा सासूबाईंनाही सोबत न्या. रक्तदाब, जुनं फ्रॅक्चर किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाळंतपणानंतर वजन उचलताना लघवीचे थेंब जात असतील, तर ते लपवू नका आणि व्यायामही सोडू नका. पेल्विक फ्लोअर पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन या. हे दुखणं सर्रास असतं आणि उपचाराने कमी होतं.

प्रथिनांच्या डब्यांवर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. आयसीएमआरच्या हिशेबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला सुमारे 50 ग्रॅम. नियमित वजन उचलणाऱ्यांना याहून जास्त, 70 ते 90 ग्रॅमच्या आसपास सांगितली जातात. दोन अंडी, शंभर ग्रॅम पनीर, वाटीभर दही, दोन वेळचं वरण किंवा राजमा आणि मूठभर भाजलेले चणे एवढ्याने बरीच मजल गाठता येते. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि त्या सगळ्यांत स्वस्त पडतात. तरीही पावडर घ्यायचीच असेल, तर जिमच्या काउंटरवरून बिलाशिवाय घेऊ नका आणि डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक पाहा.

सही करण्याआधी

संध्याकाळी सात वाजता जिम पाहायला जा. दुपारी बाराला ती रिकामीच असते. सातला रॅक मिळतो का, स्त्रिया वजनांच्या भागात दिसतात का, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, कॅमेरे कुठे लावले आहेत, हे तेव्हाच कळतं. काही जिममध्ये दुपारी 'लेडीज टाइम' असतो. नोकरी करणाऱ्या बाईला तो निरुपयोगी आहे, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. आजारपणात किंवा गावी गेल्यावर सदस्यत्व किती दिवस थांबवता येतं, जिमने जागा बदलली किंवा बंद पडली तर उरलेले पैसे परत मिळतील का, आणि सदस्यत्व दुसरीच्या नावे करायला किती लागतात. दिल्लीत बदल्या होतच असतात, त्यामुळे तिसरा मुद्दा सरकारी नोकरीतल्या घरांनी विशेष पाहावा. पैसे यूपीआयने भरा आणि पक्की पावती घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

ट्रेनरकडून किंवा कर्मचाऱ्याकडून छेडछाड झाली, तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा क्रमांक लावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जिममध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिच्याकडे तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असली पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि जिम गुडगावात असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तोवर पावती, करार आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा.