साताऱ्याची खेळपट्टी

आठवडाभर कचेरीत लेखणी झिजवावी किंवा दुकानात तराजू धरावा आणि सवड मिळताच ट्रंकेत पांढरे कपडे, बॅट व पॅड भरून दूरच्या एखाद्या गावी क्रिकेट खेळण्यास निघावे, ही हौशी क्रिकेटपटूंची फार जुनी रीत आहे. अशा दौऱ्यात पैशाचा लाभ नसतो. गावाबाहेरचे उघडे मैदान, कडेला एखादे जुने झाड, पलीकडे डोंगराची रांग आणि कुतूहलाने जमलेली गावची मंडळी, एवढ्यावर खेळाडू संतुष्ट असतात. जिंकले तर हसत परत येतात. हरले तर वाटेत एकमेकांच्या चुका काढीत परत येतात.

परंतु अशा दौऱ्यात एक गोष्ट मात्र आपोआप घडते. आपल्या शहरात सामना झाला म्हणजे संध्याकाळी प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी जातो. परगावी गेल्यावर तसे होत नाही. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत अकरा जणांनी एकत्र राहावयाचे असते. चहा एकत्र, भोजन एकत्र, विश्रांतीही एकत्र. मैदानावरचा संघ मैदानाबाहेरही खरोखर एक आहे की नाही, याची परीक्षा प्रवासातच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या एका संघाची अशी परीक्षा झाली. तो संघ साताऱ्यास खेळावयास गेला होता आणि त्यात बाळू पालवणकर नावाचे एक तरुण गोलंदाज होते.

पालवणकरांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. बाळूंचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करात नोकरीस होते. घराणे चर्मकार समाजातील असल्यामुळे त्या काळच्या रूढीप्रमाणे सवर्ण समाज त्यांना अस्पृश्य मानीत असे. पुण्यात आल्यावर बाळूंना पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे, हे ते काम. पगार दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे एक रुपया अधिक मिळू लागला. काम तेच, शिवाय सरावाची जाळी बांधावयाची आणि वेळप्रसंगी साहेबांना गोलंदाजी करावयाची.

ही गोलंदाजीच बाळूंची शाळा ठरली. ते डाव्या हाताने संथ गतीने चेंडू टाकीत. हात सहज फिरे, चेंडू हवेत तरंगत येई आणि टप्पा पडताच कधी आत, तर कधी बाहेर वळे. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग हे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी एकदा बाद केले की ग्रेगसाहेब आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. बाळूंनी त्या जाळीत शेकडो तास गोलंदाजी केली. परंतु त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी एकदाही दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि फलंदाजी हा साहेबांचा मान, अशी तेथील समजूत होती.

बाळूंची कीर्ती हळूहळू शहरात पसरली. त्या वेळी पुण्यातील हिंदू खेळाडूंचा एक संघ युरोपियनांना हरवण्याच्या ईर्ष्येने पेटला होता. असा गोलंदाज आपल्या बाजूने असावा, असे कोणाला वाटणार नाही? पण येथेच रूढी आडवी आली. संघातील काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे असे म्हणत होते. ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांना ते मान्य नव्हते. हा वाद चालू असतानाच, असा गोलंदाज हातचा घालवणे हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल, असे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे दिले. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले.

घेतले, पण कसे? खेळ चालू असेपर्यंत सारे ठीक असे. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेली, दुसरा क्षेत्ररक्षक तोच चेंडू बाळूंच्या हाती परत देई. त्या चेंडूचा विटाळ कोणाला होत नसे. परंतु चहाची वेळ झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत. बाळूंना मात्र मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. हातपाय धुवावयाचे झाल्यास अस्पृश्य मानलेला एखादा नोकर किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात येई आणि त्यांच्या हातावर पाणी ओती. भोजनासही त्यांचे पान वेगळे. मैदानावर अकरा आणि पंगतीस दहा, असा तो संघ होता.

असा हा संघ साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना खेळण्यास निघाला. पुण्याहून सातारा सुमारे ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटर दूर. कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट ओलांडून रस्ता कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि मग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले ते शहर दिसू लागते. मराठ्यांच्या या राजधानीचे राज्य १८४८ साली खालसा झाले होते. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांच्या जिमखान्यात फक्त गोऱ्यांनाच सभासद होता येत असे.

पुण्याच्या या डावखुऱ्या गोलंदाजाची ख्याती साताऱ्यास अगोदरच पोहोचली होती. यजमानांनी त्यावर एक तोड काढली. सामन्यापूर्वी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवण्याची आज्ञा त्यांनी आपल्या माळ्यास दिली. या युक्तीमागे मोठे शहाणपण होते. फिरकी गोलंदाजाचे अर्धे बळ जमिनीत असते. माती भुसभुशीत असेल किंवा तिला भेगा असतील, तर चेंडू टप्प्यावर पकड घेतो आणि वळतो. तीच माती दाबून दाबून घट्ट केली की भेगा बुजतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, चेंडूच्या शिवणीला धरण्यास काही उरत नाही आणि तो निमूटपणे सरळ बॅटवर येतो. अशा पट्टीवर चांगले चांगले फिरकी गोलंदाज हताश होतात.

परंतु यजमानांना एका गोष्टीचा विसर पडला असावा. रूळ फिरवल्याने पट्टीचे काय होते, हे त्या मैदानावर बाळूंइतके कोणाला ठाऊक असणार? ज्याने तीन आणि चार रुपये पगारावर वर्षानुवर्षे रूळ ओढला, त्याला रुळाचे सामर्थ्य कळते आणि त्याची मर्यादाही कळते. जमीन कितीही दाबली तरी हवेतून येणाऱ्या चेंडूवर रूळ फिरवता येत नाही. चेंडूची उंची किती ठेवावी, गती कोठे कमी करावी, टप्पा कोठे टाकावा, हे सर्व गोलंदाजाच्या बोटांत आणि बुद्धीत असते.

सामना झाला. आठवडाभर घोटून तयार केलेल्या त्या पट्टीवर बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याच्या संघाने सहज विजय मिळवला.

विजयी संघ पुण्यास परतल्यावर त्याचा जाहीर सत्कार झाला. त्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. आज ही गोष्ट साधी वाटेल; त्या काळी ती साधी नव्हती. ज्या तरुणाला मंडपात चहा मिळत नव्हता, त्याचा सन्मान भर सभेत पुण्याचे एक थोर विद्वान आणि समाजसुधारक करीत होते. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर तुम्हांला खाता-पिताही आले पाहिजे, असे रानडे यांनी खेळाडूंना बजावल्याचे सांगतात. त्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. साधा न्याय होता. विजयाचा हार एकत्र स्वीकारावयाचा आणि चहाचा कप मात्र वेगळा ठेवावयाचा, हे दोन्ही एका मनात कसे नांदणार?

एका हाराने रूढी मोडत नाही. परंतु साताऱ्याच्या विजयानंतर तिला तडा जाऊ लागला, हे खरे. पुढे पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथे त्यांच्याबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही होते. १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा हे दोघेही त्या संघात होते. पुण्यात चहा वेगळा मिळत असे. मुंबईत हे बंधू इतरांबरोबर भोजनास बसू लागले. मैदानावरील विजयाइतकाच हा बदल मोठा आहे, असे त्या वेळच्या सुधारकांनी म्हटले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. गुणाने सर्वांत वरचा असलेला हा खेळाडू जन्माच्या कारणाने त्या एका पायरीखाली थांबवला गेला. ती पायरी अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी चढून दाखवली. बाळू पालवणकर १९५५ साली निवर्तले. त्यापूर्वीच, १९५० साली अमलात आलेल्या स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याची घोषणा केली होती.

साताऱ्याच्या त्या मैदानावर दोन प्रकारच्या पट्ट्या होत्या, असे म्हणता येईल. एक मातीची. ती आठवडाभर रूळ फिरवून कठीण केलेली होती आणि बाळूंनी ती एका सामन्यात जिंकली. दुसरी माणसांच्या मनाची. तिच्यावर रूढीचा रूळ शेकडो वर्षे फिरत होता. तिच्यावर चेंडू वळवण्यास एक सामना पुरला नाही. दोन भावांचे, पुढे तीन भावांचे आणि त्यांना साथ देणाऱ्या अनेक सज्जनांचे कष्ट लागले. आजही एखादा संघ खेळण्यासाठी परगावी निघाला, तर त्याने आपल्या ट्रंकेत किती बॅट भरल्या एवढेच पाहू नये. संध्याकाळी पंगत बसेल, तेव्हा पानांची संख्या खेळाडूंइतकीच आहे ना, आणि ती सर्व पाने एकाच ओळीत आहेत ना, हेही पाहावे.

स्वाध्याय

१. हौशी खेळाडूंचा संघ परगावी गेला म्हणजे त्याची कोणती परीक्षा होते?
२. ‘मैदानावर अकरा आणि पंगतीस दहा’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. साताऱ्याच्या यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ का फिरवला? तो उपाय अपुरा का पडला?
४. लेखकाने पाठाच्या शेवटी कोणत्या दोन पट्ट्या सांगितल्या आहेत? त्यांत साम्य काय व भेद काय?
५. आपल्या शाळेचा संघ परगावी खेळण्यास गेला आहे, अशी कल्पना करून तेथील एका दिवसाचे वर्णन पंधरा ओळींत लिहा.