वर्गणी वहीतच बरी

आधीच सांगतो, मी कुणाचे पैसे अडकवले नव्हते. बुऱ्हाणपूरच्या आमच्या शनवाऱ्यात अजून तसं बोललं जातं, म्हणून लिहितोय.

२०२४ च्या गणपतीला आमच्या ढोलपथकासाठी शंभर टी-शर्ट छापायचे होते. बुऱ्हाणपुरात गल्लोगल्ली मागांची खडखड, पण टी-शर्टचं कापड मागावर निघत नाही, ते होजिअरीचं. बाहेरच्या छपाईवाल्याने नगाला २४० रुपये सांगितले. पोरं म्हणाली, दादा, घरोघर पावतीपुस्तक घेऊन कशाला फिरायचं, ऑनलाइन मोहीम लावू. लावली. २४ ऑगस्टला ८३ जणांचे मिळून २६,१५० रुपये झाले. सगळ्यांनी तो आकडा स्टेटसला ठेवला.

छपाईवाल्याने निम्मा अॅडव्हान्स मागितला. मी 'पैसे काढा'वर बोट ठेवलं, तर समोर आलं : मोहीम बंद करा, मग पडताळणी, मग रक्कम. मी तिथेच बसून राहिलो. चतुर्थी ७ सप्टेंबरला, आकडा पडद्यावर आणि हातात एक रुपया नाही! मंडळाची नोंदणी नाही, म्हणून खातं माझ्या नावाचं दिलं होतं. त्यावरून आधी पॅन, मग आधार, मग पुन्हा पॅन. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस आणि तेच वाक्य, 'आपली विनंती प्रक्रियेत आहे.' मुदत विचारली की फोन ठेवायचे. पैसे आले ५ सप्टेंबरला. कमिशन, गेटवेचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापून २४ हजारसुद्धा उरले नाहीत. वरचे मी भरले. हे कुणी बोलत नाही.

पाच दिवसांत देतो म्हणणारा छपाईवाला आता 'सीझन आहे' म्हणू लागला, नंतर फोनच उचलेना. १७ तारखेला, अनंत चतुर्दशीला, पोरं विटलेल्या जुन्या टी-शर्टांत तापीपर्यंत वाजवत गेली. गठ्ठा आला १९ ला.

दुसरा घोळ मापांचा. माझ्याकडे ८३ जणांच्या नोंदी होत्या, माप एकाचंही नव्हतं. ५१ रुपये देणाऱ्यालाही टी-शर्ट हवा होता, आणि ५०० देणाऱ्या एकाने नावच लिहिलं नव्हतं.

आजारपणासाठी असा निधी गोळा करावा, जरूर करावा. १९७६ च्या 'मंथन' सिनेमासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, त्यात माप लागत नव्हतं. इथे पैसे देणाऱ्याला वस्तू हवी असते, तीही ठरल्या दिवशी. म्हणजे ही देणगी नव्हे, आगाऊ नोंदणी आहे. तेव्हा नाव, माप आणि पूर्ण पैसे वहीत एकाच ओळीत घ्या. पैसे नाहीत तर माप लिहू नका. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी यादी बंद करा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणून एकाच रंगात भागवा. सब्लिमेशन सुती कापडावर धरत नाही, कुणी काहीही सांगो. नमुना मागवून दोनदा धुऊन बघा. तारीख लेखी घ्या, आणि निम्मे पैसे माल हातात आल्यावरच द्या. माणूस पारखून घ्या.

२०२५ ला आम्ही इथल्याच कापडाचे कुर्ते शिवले. वर्गणी वहीत घेतली, कुर्ते चतुर्थीच्या आठ दिवस आधी तयार होते.

त्या गठ्ठ्यातले ३१ टी-शर्ट अजून माझ्या घरी आहेत. ज्यांनी पैसे भरले आणि नेले नाहीत, त्यांनी संध्याकाळी सातनंतर येऊन घेऊन जावेत.