छायाचित्राशेजारील आकडे : एक पाठ

सहल, वृक्षारोपण, आठवड्याचा बाजार इत्यादी प्रसंगांची छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर दाखविण्याचा प्रघात पुष्कळ शाळांत पडला आहे. अशी चित्रमालिका मुले आनंदाने पाहतात. परंतु चित्र कसे घेतले गेले हा प्रश्न त्यांच्या मनात सहसा उद्भवत नाही. तो उद्भवावा यासाठी लागणारे साधन चित्राबरोबरच आलेले असते. डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल छायाचित्र टिपतो त्याच वेळी तीन आकडे त्या चित्राच्या फाइलीत नोंदवून ठेवतो : शटर किती वेळ उघडे होते, भिंगाचे छिद्र केवढे होते आणि प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, किती होती. या नोंदीच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. ती जपानमध्ये १९९५ साली ठरविण्यात आली. मोबाइलमध्ये चित्र उघडून 'माहिती' किंवा 'तपशील' पाहिला असता हे आकडे दिसतात.

फिल्मच्या काळात ही नोंद छायाचित्रकाराला स्वतः वहीत करावी लागे. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे एक छायाचित्र घेतले आहे. संध्याकाळ मावळत होती आणि प्रकाशमापक हाताशी सापडेना. चंद्र किती तेजस्वी असतो हे त्याला पाठ होते. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एफ/३२ एवढ्या बारीक छिद्रातून एक सेकंद प्रकाश घेतला. हे आकडे त्याने पुढे लिहून ठेवले आहेत. चित्राचे वर्ष मात्र तो निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे देत असे. शेवटी खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित केले, आणि १९९१ साली १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित झाली. नोंद चित्राला जोडलेली नसली म्हणजे केवढा खटाटोप करावा लागतो, हे वरच्या वर्गातील मुलांना या एका उदाहरणावरून सहज पटेल.

तथापि प्राथमिक शाळेच्या दृष्टीने या आकड्यांचा खरा उपयोग गणिताच्या तासाला आहे. शटरचा वेळ अपूर्णांकात लिहिलेला असतो : १/५०, १/२५०, १/१०००. हजार हा आकडा मोठा, म्हणून १/१००० हा अपूर्णांक १/५० पेक्षा मोठा, अशी समजूत पाचवीतील पुष्कळ मुलांची असते, आणि फळ्यावर कितीही भाकऱ्या कापल्या तरी ती लवकर जात नाही. अशा वेळी धावत्या सायकलची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. एकाखाली १/५० व दुसऱ्याखाली १/१००० असे लिहावे. सायकल सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर १/५० सेकंदात ती १० सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणून पहिल्या चित्रात ती पुसट दिसते. १/१००० सेकंदात ती अवघी ५ मिलिमीटर सरकते. म्हणून दुसऱ्या चित्रात चाकाच्या तारा मोजता येतात. लहान अपूर्णांक म्हणजे थोडा वेळ, हे मूल येथे डोळ्यांनी पाहते. हा भागाकार मुलांकडूनच करवून घ्यावा, शिक्षकाने सांगून टाकू नये.

कॅमेऱ्यावर १/६० नंतर १/१२५ येते. निम्मे म्हणजे १/१२० हवे होते, अशी शंका एखादा चौकस विद्यार्थी काढील. त्याला शाबासकी द्यावी, आणि सोयीसाठी आकडा थोडा बदलून घेतला आहे असे सांगावे.

छिद्राचा आकडाही अपूर्णांकच आहे. एफ/८ म्हणजे छिद्राचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराचा आठवा भाग. नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर एफ/२ ला छिद्र २५ मिलिमीटरचे आणि एफ/८ ला सुमारे ६ मिलिमीटरचे होते. ही दोन वर्तुळे कागदावर कापून दाखवावीत. बहुतेक मोबाइलमध्ये मात्र छिद्र कायमचे ठरलेले असते, त्यामुळे त्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रत्येक चित्राखाली तोच आकडा येतो; तेथे तो दाखविण्यात हशील नाही. आयएसओ वाढला की अंधारातही चित्र उजळ येते, पण त्यावर रव्यासारखे कण दिसू लागतात. शाळेच्या आवारातील एकाच झाडाची सकाळ, दुपार व तिन्हीसांजेची छायाचित्रे घेतल्यास हा फरक लक्षात येतो.

आकडे दाखविण्याची रीतही महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी कॅमेऱ्याचे नाव, भिंगाचे नाव, तारीख आणि सारे आकडे चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोंबलेले असतात. मागच्या रांगेतील मुलाला ते वाचता येत नाहीत आणि चित्रही विद्रूप होते. आकडे चित्रावर न लिहिता खाली काळी पट्टी ठेवून तिच्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहावेत. ज्या चित्रातून जो मुद्दा शिकवावयाचा, तेवढाच आकडा ठेवावा. पहिले काही क्षण चित्र आकड्यांवाचून दाखवावे, मुलांना अंदाज बांधू द्यावा, आणि मग आकडा प्रकट करावा. आकडा आधी दिसला तर मुले चित्र पाहतच नाहीत, केवळ वाचतात.

चित्रमालिकेची व्हिडिओ फीत केली की प्रत्येक चित्राची मूळ नोंद त्या फितीत उतरत नाही. म्हणून आकडे आधीच चित्राखाली लिहून घ्यावेत. प्रत्यक्ष चलच्चित्रणाची गोष्ट वेगळी आहे. सेकंदाला २५ चित्रे घेताना शटर साधारणपणे १/५० ठेवतात. आपल्याकडील वीजप्रवाह ५० आवर्तनांचा असल्यामुळे पुष्कळशा दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसत नाहीत. परंतु मोबाइलने स्वयंचलित पद्धतीने चित्रण केले असेल, तर वर्गातून अंगणात जाताच आकडे आपोआप बदलतात. अशा फितीखाली आरंभापासून अखेरपर्यंत एकच आकडा लिहिणे म्हणजे मुलांना चुकीची माहिती देणे होय. तेथे आकडा न दिलेला बरा.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविली असता ही नोंद गळून जाते. ती हवी असल्यास चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे किंवा तारेने थेट संगणकात घ्यावे. मात्र त्याच नोंदीत, मोबाइलमधील स्थाननोंद चालू असेल तर, चित्र जेथे घेतले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. मुलांची चित्रे, विशेषतः त्यांच्या घरी घेतलेली, शाळेबाहेर देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, आणि स्थानाची नोंद काढून टाकून मगच ती द्यावीत. कॅमेऱ्याच्या मांडणीत स्थाननोंद आधीच बंद करून ठेवणे अधिक सोयीचे. शटर, छिद्र व आयएसओ यांचे आकडे त्यामुळे जात नाहीत.