दातांवरील डाग आणि गावचे पाणी

उद्दिष्ट : दातांवरील प्रत्येक डाग अस्वच्छतेचा नसतो हे ओळखणे व पाण्यातील दोष वेळीच उजेडात आणणे.

विवेचन : स्वच्छता-तपासणीत पिवळे दात दिसले की मुलास बोल लावला जातो. पुष्कळदा हा दोष मुलाचा नसून पाण्याचा असतो. खडकातील खनिजांतून फ्लोराइड भूजलात उतरते. एक लिटर पाण्यात ते १.५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात कित्येक गावांच्या विंधन विहिरींत ते अधिक आढळले आहे. मुरुडकडील खडक वेगळा असला, तरी तपासणीवाचून निर्धास्त राहणे उचित नव्हे. २०१६ साली लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत आड-विहिरी आटतात आणि गावे खोल विंधन विहिरींवर विसंबतात.

ओळख : मळाचा थर हिरड्यांलगत असतो व घासल्याने निघतो. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, आडव्या खडूसारख्या रेघांचे, पुढे तपकिरी होणारे असतात. ते घासून जात नाहीत. समोरचे कायमचे दात सहाव्या ते आठव्या वर्षी उगवतात. परंतु त्यांचे कवच पहिल्या चार-पाच वर्षांतच घडते. म्हणून दुसरीतील मुलाचा दात त्याच्या शैशवातील पाण्याची साक्ष देतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांविषयी ती वर्षे कोठे गेली, हेही विचारावे.

उपाय : एकदा पडलेला डाग आपोआप जात नाही. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधे आखडतात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळूनही लाभ नाही. तुरटी व चुन्याच्या मोजक्या मात्रेची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेने सिद्ध केली आहे. परंतु घरी अंदाजाने तुरटी फिरविणे म्हणजे ती पद्धत नव्हे. निर्दोष ठरलेला दुसरा उद्भव अथवा नीट साठविलेले पावसाचे पाणी पिण्यासाठी राखणे, हा सरळ मार्ग होय. आहारात दूध, तीळ व पालेभाज्या असाव्यात.

शिक्षकांचे कार्य : दुसरी ते चौथीच्या मुलांचे दात उजेडात पाहावेत, डाग, पाण्याचा उद्भव व शैशवातील गाव यांची नोंद ठेवावी. कोणासही वर्गासमोर उभे करून हिणवू नये. एकाच उद्भवाची अनेक मुले आढळल्यास मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्रास लेखी कळवावे आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविण्याचा आग्रह धरावा. थोरल्या मुलाचे दात पूर्ववत होणार नाहीत. परंतु त्याच्या पाळण्यातील भावंडाचे दात अजून घडत आहेत. ते वाचविणे शिक्षकाच्या दक्षतेवर अवलंबून आहे.