जुन्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट: मापाचेही पैसे लावा



जुन्या गाड्या दुरुस्त करायचा धंदा टाकायचा विचार असेल, तर आज एकच पार्ट नीट समजून घेऊ. अँबेसेडर, फियाट, महिंद्राची जुनी जीप, या सगळ्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत तो जोर नेणारी पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट.

हे काम बहुतेक वेळा गिअरबॉक्स बदलल्यावर येतं. जीपच्या तीन गिअरच्या बॉक्सऐवजी चार गिअरचा बसवला की लांबी बदलते आणि जुना शाफ्ट बसत नाही. क्रॉस नाना पेठेत शोधला तर मिळतो. तुमच्या मापाचा शाफ्ट मात्र कापून, वेल्ड करूनच घ्यावा लागतो. लेथवाला तुम्ही सांगाल तेवढाच कापणार. माप चुकलं तर दुसऱ्यांदा कापायचा खर्च कोणाचा? तुमचाच.

म्हणून मापाला घाई नको. बुधवार पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या बोळात गाडी दहा वर्षं उभी असेल, तर पाट्यांच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. आधी त्या करून घ्या, मग माप. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी हवी. चॅसिसला जॅक लावून उचललीत तर मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि अंतर बदलतं. वर उचलायचीच असेल तर स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या तोंडापासून डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडापर्यंत, मिलिमीटरमध्ये, तीनदा मोजा.

सगळी गोम स्लिप जॉइंटमध्ये आहे. गाडी उभी असताना तो साधारण मध्यावर असावा. पार आत गेलेला असेल तर खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर शाफ्टला सरकायला जागा उरत नाही, धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. फार बाहेर असेल तर स्प्लाइनची पकड कमी, झीज जास्त, आणि एक दिवस तो निसटतो. पुढचं टोक निसटून रस्त्यात रुतलं तर माणसाच्या जिवावर बेततं. मागच्या सीटवर दोघं जण बसवून पुन्हा एकदा बघाच.

कापण्याआधी दोन्ही टोकांच्या योकवर रंगाची खूण करा. ते एका रेषेत आले नाहीत तर जी थरथर लागते, ती बॅलन्सिंगनेही जात नाही. बॅलन्सिंग अर्थात करायचंच. टॉप गिअरमध्ये या गाड्यांचा शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणजे मिनिटाला सहज ३,००० फेरे. आणि मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर पैसे वाचवायला एकच लांब नळी लावू नका, वेगात ती धनुष्यासारखी वाकते.

ट्रायल पेठेत होत नाही. अप्पा बळवंत चौकातून गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईल तर शपथ! थरथर कळते ६०च्या पुढे, त्यामुळे हायवेला जावं लागतं. ते पेट्रोल आणि तो तास कोटेशनमध्ये दिसू द्या.

आता हिशेब, आकडे समजुतीपुरते. कापणं, वेल्डिंग, बॅलन्सिंग ४,०००, क्रॉस १,५००, फिटिंग २,०००, एकूण ७,५००. माप चुकलं तर पुन्हा ४,०००, म्हणजे फिटिंगची मजुरी संपून खिशातले २,००० जातात. शिवाय अर्धा दिवस जागा अडते ती वेगळीच. त्यापेक्षा 'माप व ट्रायल, ८००' अशी वेगळी ओळ लिहा. नवीन माणूस इथे लाजतो, पण गिऱ्हाईक कारण ऐकलं की देतं. मोजलेले आकडे जॉबकार्डावर लिहून त्यावर लेथवाल्याची सही घ्या.

काम घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे का? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला तशी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशा गाडीला मूळ मापाचाच शाफ्ट करा. इतर गाड्यांत इंजिनच बदलायचं असेल तर मालकाने आधी आरटीओची परवानगी काढायला हवी. तिची प्रत जॉबकार्डाला जोडून ठेवा.