कालामांना दिलेली कसोटी आणि आपल्या मुलांचे शिक्षण

निवासी शाळेतील शिक्षकाला विद्यार्थी केवळ वर्गात दिसत नाही. तो भोजनगृहात, मैदानावर आणि रात्रीच्या अभ्यासिकेतही दिसतो. तरीही एका विद्यार्थ्याला ओळखण्यास मला दोन वर्षे लागली, ही कबुली देऊनच या लेखाचा प्रारंभ करणे उचित होईल. सहावीतील हा मुलगा इतिहासाचा धडा तोंडी विचारला की ओघवता सांगत असे. वहीत मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची सरमिसळ करी, वेलांट्या गाळी, आणि फळ्यावरची चार वाक्ये उतरवेपर्यंत तास संपून जाई. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी ‘हुशार, पण आळशी’ असा शेरा लिहिला. पुढे त्याच्या आईने उसने पैसे घेऊन, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या एका केंद्रात त्याची ‘चाचणी’ करून घेतली. रंगीत अहवालात मुलाचा ‘कल कलेकडे’ असल्याचे छापले होते. वाचनाविषयी एक अक्षरही नव्हते. माझा शेरा आणि तो अहवाल, दोन्ही जाणकाराच्या अधिकाराने दिलेले होते, आणि दोन्ही त्या मुलाच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

आपल्या समाजाला जाणकारांच्या निवाड्यांचा अनुभव फार जुना आहे. कोणी शिकावे आणि कोणी शिकू नये, हे शतकानुशतके दुसऱ्यांनीच ठरविले. विद्यार्थी भीमराव सातारच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. पुढे संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. केवळ त्या गुणपत्रकावरून कोणी भविष्य वर्तविले असते, तर ते काय वर्तविले असते? तो आकडा विद्यार्थ्याचे मोजमाप होता, तसाच तो त्याला मिळालेल्या वागणुकीचाही होता. म्हणूनच १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा कोणते मूल शिकण्यास पात्र आहे हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. १९७१ साली लंडनमध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाहून आलेल्या शिक्षकाने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या प्रमाणावर मंदबुद्धींच्या शाळांत धाडली जात आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या चाचण्यांवरून ही मुले मंद ठरत, त्या चाचण्यांची भाषा आणि त्यांतील प्रसंग इंग्रज मध्यमवर्गीय घरातले होते. कोर्ड यांनी हे पुस्तक मुख्यतः पालकांसाठी लिहिले, आणि त्या समाजाने आपल्या मुलांसाठी शनिवारच्या शाळा चालवून उत्तर दिले.

यावरून सर्व चाचण्या कपटी असतात, असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्यासह बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना अधिक साहाय्य हवे हे शोधण्यासाठी. अमेरिकेत गेल्यावर त्याच चाचणीचा उपयोग माणसांच्या प्रती ठरविण्यासाठी झाला. आपल्या शेजारच्या धारवाड भागात व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तिचे मराठी व कन्नड रूप सिद्ध केले आणि ते पुढे अनेक दशके वापरात राहिले. साधन एकच, परंतु ते कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत, कोणत्या काळात प्रमाणित झाले आणि कोणत्या हेतूने वापरले जाते, यावर त्याचे मोल ठरते.

दुसरी चूक याच्या उलट आहे, आणि ती आपल्याकडे अधिक आढळते. ‘आमच्या मुलाला काही झालेले नाही, शिक्के मारू नका’, असे म्हणून पालक तपासणीच नाकारतात. वाचन अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया हा आजारही नव्हे आणि मतिमंदत्वही नव्हे. बुद्धी शाबूत असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे काही मुलांना अत्यंत कठीण जाते. अशा मुलांना परीक्षेत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. हा निर्णय १९९६ चा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्याची मान्यता दिली. जादा वेळ, लेखनिक या गोष्टी मेहेरबानी नसून हक्क आहेत. शब्दाच्या धास्तीने ते सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

मग आंधळेपणाने मान तुकविणे आणि आंधळेपणाने नाकारणे, यांच्यामधला मार्ग कोणता? कोसल देशातील केसपुत्त येथे कालामांनी तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. निरनिराळे उपदेशक येतात, आपलेच मत खरे म्हणतात. आम्ही कोणाचे मानावे? अंगुत्तर निकायातील या सुत्ताचा पूर्वार्ध आपण वारंवार सांगतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, सांगणारा भारदस्त दिसतो किंवा तो आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. उत्तरार्ध मात्र आपण गाळतो. ती गोष्ट आचरणात आणल्यावर हित होते की अहित, हे स्वतः जाणावे. आणि विज्ञ जन तिची प्रशंसा करतात की निंदा, हेही पाहावे. म्हणजे ‘मला पटते तेच खरे’ अशी मुभा तेथे नाही. जाणत्यांची साक्ष तथागतांनी वगळलेली नाही. तिला परिणामाच्या कसोटीची जोड दिली आहे.

या कसोटीवरून पालकांनी विचारावेत असे पाच प्रश्न मी सुचवितो.

पहिला : आधी काय तपासले? डोळे, कान, रक्तक्षय आणि शाळेतील हजेरी यांची चौकशी झाल्याशिवाय अध्ययन अक्षमतेचे निदान होऊ शकत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे वाचन कच्चे असेल, तर ती संधीची उणीव आहे, अक्षमता नव्हे.

दुसरा : सांगणारा कोण? मानसशास्त्रज्ञ वा विशेष शिक्षक असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच देण्याची अट होती. पाच वर्षांच्या मुलाचे निदान एका भेटीत ठामपणे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

तिसरा : चाचणी कोणत्या भाषेत झाली? घरी व शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाची वाचनाची परीक्षा इंग्रजीत घेतली असेल, तर त्यातून इंग्रजी येत नाही एवढेच सिद्ध होते.

चौथा : जे सांगितले ते पडताळता येते का? बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेतच घडतात. त्यांवरून बुद्धी वा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकविणारे वर्गही याच मालिकेतले. नाकाजवळची फट बंद केली की ते वाचन थांबते.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा : उद्या सकाळी काय करायचे? जो सल्ला मुलाला नाव देऊन थांबतो, तो सल्लाच नव्हे. काय शिकवावे, किती वेळ, कोणी, आणि तीन महिन्यांनी प्रगती कशी मोजावी, एवढे त्यात असलेच पाहिजे.

त्या मुलाची तपासणी अखेर शासकीय रुग्णालयात झाली. रोज अर्धा तास अक्षर-ध्वनीचा सराव, मोठ्या अक्षरांतील मजकूर आणि तोंडी परीक्षा, असा साधा आराखडा मिळाला. चमत्कार झाला नाही. त्याचे शुद्धलेखन आजही कच्चे आहे. परंतु दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला, आणि इतिहासाचे उत्तर त्याने जसे सांगितले तसे कागदावर उतरले. तो उत्तीर्ण झाला.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज डॉक्टर, समुपदेशक वा शिक्षक आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस या शाळेला द्यावा आणि तिसरीच्या पुढील मुलांची प्राथमिक पाहणी करण्यास हातभार लावावा, अशी विनंती आहे. पालकांनी भेटीस येताना मुलाची वही अवश्य पाहावी. आणि वरील पाच प्रश्न बाहेरच्या तज्ज्ञांनाच नव्हे, तर प्रगतिपुस्तकात शेरा लिहिणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही विचारावेत. ते प्रश्न मला कोणी वेळेवर विचारले असते, तर त्या मुलाची दोन वर्षे वाचली असती.